कुसळ की काटा: स्प्रूसच्या जंगलातील क्लबमॉस कसे ओळखावे

ताई, आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपण कोल्हापूरच्या आणि सध्या मुलीकडे फिनलंडला आला आहात. ऑगस्टच्या अखेरीस नूक्सिओच्या राष्ट्रीय उद्यानात फिरताना, स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांच्या दाट सावलीत, ओलसर मॉसच्या (शेवाळासारख्या दिसणाऱ्या बुटक्या वनस्पतीच्या) गादीतून वर आलेल्या, बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या दिसणाऱ्या वीतभर उंचीच्या हिरव्या फांद्या आपल्याला दिसल्या. मोबाइलमधील ॲपने त्यांना ‘लायकोपोडियम क्लॅव्हेटम’ असे नाव दिले, तर मुलीच्या शेजारणीने ‘रीदेनलिएको’ असे सांगितले. आपण तीन छायाचित्रे पाठवून तीन गोष्टी विचारल्या आहेत. आपल्या घरी होमिओपॅथीच्या पेटीत जे लायकोपोडियम असते ती हीच वनस्पती का? तिची एखादी फांदी वाळवून कोल्हापूरला आणता येईल का? आणि तिचे वय किती असेल?

माझे उत्तर असे की शेजारीणबाईंचे बहुधा बरोबर आहे. ही वनस्पती ‘लायकोपोडियम ॲनोटिनम’ असावी, जिला आता ‘स्पायन्युलम ॲनोटिनम’ म्हणतात. ‘बहुधा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे, कारण आपल्या तीनपैकी दोन छायाचित्रे वरून काढलेली आहेत आणि तिसऱ्यात फांदीच्या टोकावरचा शंकू दिसतो, पण तो ज्या ठिकाणी फांदीला जोडलेला आहे नेमका तोच भाग धूसर आहे. म्हणजे आपला खरा प्रश्न नावाचा नसून, कोणता भाग पाहिला म्हणजे नाव खात्रीने ठरवता येईल, हा आहे. तो एकदा समजला की पुढच्या वेळी ॲपचीही गरज लागणार नाही आणि माझीही.

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात तीसेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. बी न धरणाऱ्या, बीजाणूंवर (धुळीसारख्या सूक्ष्म कणांवर) वाढणाऱ्या वनस्पती हा माझा आवडीचा विषय होता. दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन गगनबावडा, आंबा घाट, दाजीपूर येथे जाणे होई, आणि तरुणपणी दोन उन्हाळे मला स्वीडनच्या उत्तर भागातील सूचिपर्णी जंगलांत काम करण्याची संधीही मिळाली होती. पुढे जे लिहितो आहे ते या दोन्ही अनुभवांवर आधारलेले आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. वरची दोन्ही नावे ज्या कुळातील वनस्पतींची आहेत त्याला क्लबमॉस म्हणतात; त्याच्या नावात मॉस असले, तरी ते मॉस नव्हे. मॉसला पाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या नलिका नसतात आणि खरी मुळेही नसतात. क्लबमॉसला दोन्ही असतात, आणि त्याच्या प्रत्येक बारीक पानातून एकच शीर जाते. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी या कुळाचे दूरचे नातलग तीस मीटरपेक्षाही उंच वृक्ष होते आणि युरोप-अमेरिकेतील दगडी कोळशाचा मोठा भाग त्यांच्यापासून बनला. आज त्याच वंशातील वीतभर उंचीच्या फांद्या स्प्रूसच्या बुडाशी उभ्या असतात. त्या जंगलात मी पहिल्यांदा गुडघ्यावर बसून त्या पाहिल्या, तेव्हा ही गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही.

हा फरक सांगण्याला व्यावहारिक कारणही आहे. नूक्सिओसारख्या ओलसर जंगलात ‘पॉलिट्रिकम कम्यून’ नावाचे एक खरे मॉस असते, आणि तेही उंच, ताठ व ब्रशसारखे दिसते. वरून काढलेल्या छायाचित्रात ते आणि ॲनोटिनम यांच्यात नवख्या माणसाची सहज फसगत होते. ते ओळखण्यासाठी फांदीच्या बुडाशी बोट घालून पाहावे. मॉसच्या प्रत्येक फांदीचे बूड सुटे असते, तर क्लबमॉसच्या उभ्या फांद्या जमिनीलगत मीटरभर किंवा त्याहून लांब धावणाऱ्या एका चिवट खोडातून वर आलेल्या असतात, आणि ते खोड बोटाला दोरीसारखे लागते. शिवाय हवा कोरडी झाली की त्या मॉसची पाने मिटून खोडाला चिकटतात. क्लबमॉसची पाने मात्र आहेत तशीच ताठ राहतात. आपल्या पहिल्या छायाचित्राच्या डाव्या कोपऱ्यात असे धावते खोड मॉसमध्ये अर्धे बुडालेले स्पष्ट दिसते, त्यामुळे आपण पाहिले ते क्लबमॉसच आहे याविषयी मला शंका नाही.

आता क्लबमॉसमधील कोणते, हा प्रश्न. येथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट शंकूची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फांद्यांच्या टोकांवर जे पिवळसर, दंडगोल अवयव दिसतात ते बीजाणूंचे शंकू. ॲनोटिनमचा शंकू साधारण दीड ते तीन सेंटिमीटर लांब असतो. आकाराने आणि पृष्ठभागाच्या खवलेदारपणाने तो मला नेहमी आपल्या मसाल्यातील लेंडी पिंपळीची आठवण करून देतो. तो एकटाच असतो आणि पानांनी भरलेल्या फांदीच्या थेट टोकावर बसलेला असतो. त्याला देठ नसतो. हिरवी पाने जिथे संपतात तिथेच शंकू सुरू होतो, मध्ये मोकळी जागा नसते. क्लॅव्हेटमचे याच्या अगदी उलट असते. त्याच्या फांदीतून एक लांब, बारीक दांडी वर निघते, तिच्यावर अगदी तुरळक आणि बारीक पाने असतात, आणि दांडीच्या टोकाला बहुतेक वेळा दोन किंवा तीन शंकू एकत्र उभे असतात. लांबून पाहिले तर हिरव्या गादीवर कोणी छोटे दुहेरी दीपदान उभे केल्यासारखे दिसते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की आयुष्यभर विसरत नाही.

म्हणूनच वरून काढलेले छायाचित्र येथे उपयोगाचे नाही. वरून पाहिल्यावर देठ असलेला शंकू आणि देठ नसलेला शंकू दोन्ही सारखेच दिसतात. ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जो भाग दाखवलाच गेला नाही त्यावरून त्याने निर्णय कसा करावा? माझ्या पाहण्यात अशा साधनांनी या कुळातील वनस्पतींना सर्वांत परिचित नाव चिकटवल्याचे अनेकदा आले आहे, आणि क्लॅव्हेटम हे या सर्वांतील सर्वांत परिचित नाव आहे.

दुसरी गोष्ट पानाच्या टोकाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची आहे, कारण शंकू वर्षातील काही महिनेच नीट दिसतात आणि पुष्कळ फांद्यांवर येतही नाहीत, तर पाने बारा महिने हिरवी असतात. आपल्याकडे माळावरून चालताना कुसळी गवताची कुसळे धोतराला किंवा साडीच्या काठाला चिकटतात, ते कुसळ डोळ्यांसमोर आणावे. क्लॅव्हेटमच्या पानाच्या टोकाला तसेच एक लांब, मऊ, पांढरट, केसासारखे कुसळ असते. पान स्वतः चार-पाच मिलिमीटरचे आणि त्यावर दोन ते चार मिलिमीटरचे कुसळ. त्यामुळे त्याच्या वाढत्या शेंड्यांवर पांढरट झाक असते, जणू दवाने भुरकटलेला कुंचला. ॲनोटिनमच्या पानाला कुसळ नसते. ते पाच ते दहा मिलिमीटर लांब, अरुंद, ताठ असते आणि त्याचे टोक आखूड, कडक काट्यासारखे अणकुचीदार असते. भिंगातून पाहिले तर पानाच्या कडेला, विशेषतः वरच्या अर्ध्या भागात, बारीक करवती दातेही दिसतात. गुजरीत सराफ दागिन्यांवरचा छाप पाहण्यासाठी जे दहापट भिंग वापरतात तेवढे यासाठी पुरेसे आहे. मी स्वतः वर्षानुवर्षे तेच वापरत आलो.

भिंग नसले तरी हात आहे. ॲनोटिनमची फांदी मुठीत हलके धरली तर ती टोचते, खरखरीत लागते. क्लॅव्हेटमची मऊ लागते. ॲनोटिनमची पाने फांदीशी जवळजवळ काटकोनात पसरलेली असतात, काही तर किंचित खाली वळलेली असतात; क्लॅव्हेटमची वरच्या दिशेला कललेली, आत वळलेली असतात. बाटलीच्या ब्रशची जी उपमा आपण दिलीत ती म्हणूनच मला महत्त्वाची वाटली. पसरलेली, ताठ पाने असल्याशिवाय कोणाच्याही मनात ती उपमा येणार नाही.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण तीच चूक आपल्याकडूनही होऊ शकते. स्वीडनमधील पहिल्या उन्हाळ्यात मी सावलीतल्या एका जुन्या पसाऱ्यातून फांदी घेतली, पाने पाहिली, कुसळ दिसले नाही, आणि निःशंकपणे तिच्यावर ॲनोटिनमची चिठ्ठी लावली. संग्रहालयात काम करणाऱ्या एका वयस्क बाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता भिंग माझ्या हाती देऊन बोट फांदीच्या अगदी शेंड्यावर ठेवले. तिथे कुसळांचा छोटा पांढरा झुपका स्पष्ट होता. ते क्लॅव्हेटम होते. त्याच्या जुन्या पानांवरची कुसळे काळाच्या ओघात झडून जातात, आणि मी नेमकी जुनी पाने पाहिली होती. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच नियम सांगत आलो. कुसळ आहे की नाही हे जुन्या पानांवर पाहू नका, वाढत्या शेंड्यावर पाहा. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात शेंडे मोठे करून पाहिल्यावर मला कुठेही पांढरी झाक दिसली नाही, आणि माझे मत ॲनोटिनमकडे झुकण्याचे मुख्य कारण हेच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे फांदीवरील वार्षिक आवळ. आपण कोल्हापूरच्या, त्यामुळे उसाची पेरे आपल्याला सांगायला नकोत. ॲनोटिनमच्या उभ्या फांदीवर थोड्या थोड्या अंतराने एक भाग किंचित आवळलेला दिसतो; तिथली पाने आखूड आणि फांदीलगत चिकटलेली असतात, आणि त्याच्या खाली-वर पुन्हा नेहमीची लांब, पसरलेली पाने असतात. हिवाळ्यात वाढ थांबते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू होते, तिची ही खूण. फरक इतकाच की उसाला एका हंगामात पुष्कळ पेरे येतात, तर येथे एक पेर म्हणजे एक वर्ष. मात्र केवळ या खुणेवर विसंबू नये, कारण अशा आवळ्या क्लॅव्हेटमच्या फांद्यांवरही असतात. ॲनोटिनमच्या सरळ, फारशा न फुटलेल्या फांदीवर त्या अधिक ठळक आणि मोजण्याजोग्या दिसतात, एवढेच खात्रीने म्हणता येते.

गंमतीचा भाग असा की यांतील दोन खुणा या वनस्पतीच्या नावातच आहेत. ‘ॲनोटिनम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘गेल्या वर्षीचे’ किंवा ‘वर्षाचे’. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिले ते या वर्षावर्षाच्या पेरांना शोभणारे आहे. ‘स्पायन्युलम’ म्हणजे लहान काटा. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर हेन्स यांनी 2003 मध्ये या गटाला लायकोपोडियमपासून वेगळे करून हे प्रजातिनाव, म्हणजे नावातील पहिला शब्द, दिले. त्यामुळे जुन्या पुस्तकात ‘लायकोपोडियम ॲनोटिनम’ आणि नव्यात ‘स्पायन्युलम ॲनोटिनम’ दिसले तर गोंधळून जाऊ नये; वनस्पती एकच. काटा आणि वर्ष हे दोन शब्द लक्षात ठेवले की अर्धी ओळख पटली, आणि उरलेली अर्धी देठ नसलेल्या शंकूने पटते.

आता कशाकशावर हे उत्तर अवलंबून आहे ते सांगतो. आपण जर मे-जूनमध्ये गेला असता तर यंदाचे शंकू तयार नसते. गेल्या वर्षीचे वाळके, तपकिरी शंकू काही फांद्यांवर राहिलेले असतात, त्यांवरून काम भागते, पण शोधावे लागतात. दाट सावलीत शंकू मुळातच कमी येतात आणि संपूर्ण पसाऱ्यात एकही न सापडणे शक्य असते. अशा वेळी पानाच्या टोकावरच निर्णय करावा लागतो. जागेचाही विचार करावा. ओलसर, सावलीचे, आम्लधर्मी मातीचे स्प्रूसवन, जमिनीवर मॉसची गादी आणि मध्ये मध्ये बिलबेरीची झुडपे ही ॲनोटिनमची नेहमीची जागा. क्लॅव्हेटमला अधिक उजेड लागतो; ते पाइनच्या विरळ जंगलात, माळरानावर, रस्त्याच्या उघड्या कडेला अधिक भेटते. तरीही ही दोन्ही एकाच जंगलात काही पावलांच्या अंतरावर मी पाहिली आहेत, म्हणून जागा हा पुरावा पूरक मानावा, निर्णायक मानू नये. आपण जर उत्तरेला लॅपलंडच्या उघड्या डोंगरमाथ्यांवर गेला असता, तर तिथे ॲनोटिनमचेच आखूड पानांचे, पाने फांदीलगत घेतलेले रूप भेटले असते, आणि ते पाहून ब्रशची उपमा सुचलीच नसती. काही अभ्यासक त्याला वेगळे मानतात. दक्षिण फिनलंडमध्ये ही अडचण येण्याचे कारण नाही.

त्याच जंगलातील आणखी दोन क्लबमॉसही आपल्याला भेटू शकतात. ‘हुपर्झिया सिलागो’ला जमिनीलगत धावणारे खोड नसते; त्याच्या फांद्या एका जागी झुपक्याने उभ्या असतात, दोन-दोन फाटे फुटत साधारण एकाच उंचीपर्यंत जातात, आणि त्याला शंकू येतच नाही. बीजाणूंच्या पिवळसर पिशव्या साध्या पानांच्या बेचक्यातच असतात. ‘डिफेसिअस्ट्रम कॉम्प्लानेटम’ तर आपण चटकन ओळखाल, कारण त्याच्या चपट्या, खवल्यांच्या पानांनी झाकलेल्या फांद्या आपल्याकडील बागेतल्या मोरपंखीसारख्या दिसतात. ज्यांचे नातेवाईक कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात आहेत त्यांच्यासाठी एक सूचना करून ठेवतो. तिथे ‘डेंड्रोलायकोपोडियम’ नावाचा गट आहे, त्याचेही शंकू बिनदेठाचे असतात, परंतु त्याचे धावते खोड जमिनीच्या आत असते आणि वर आलेली फांदी छोट्या ख्रिसमसच्या झाडासारखी चारी बाजूंनी फुटलेली असते. तिथे शंकूला देठ नाही म्हणून लगेच ॲनोटिनम म्हणणे धोक्याचे ठरेल.

आपण असेही लिहिले आहे की गगनबावड्याच्या घाटात पावसाळ्यात ओल्या कातळावर असेच काहीतरी पाहिल्याचे आठवते. ते बहुधा सेलाजिनेला असणार. ते क्लबमॉसचे नातलग खरे, पण चुलत घराण्यातले. आपल्या घाटातील बहुतेक सेलाजिनेलांची फांदी चपटी असते; तिच्यावर दोन आकारांची पाने चार ओळींत असतात, बाजूच्या ओळींतली मोठी आणि वरच्या ओळींतली लहान. ॲनोटिनमची सर्व पाने सारखी आणि फांदीभोवती सर्व दिशांना असतात. सेलाजिनेलाचे बीजाणूही मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे असतात, क्लबमॉसचे एकाच प्रकारचे. कोल्हापूरला परत आल्यावर जुलैमध्ये घाटात जाऊन भिंगाखाली ती चार ओळींची रचना अवश्य पाहा. नूक्सिओत पाहिलेल्या फांदीशी मनातल्या मनात तुलना केली की दोन्ही पक्क्या लक्षात राहतील.

आता औषधाचा प्रश्न. होमिओपॅथीतील लायकोपोडियम हे क्लॅव्हेटमच्या बीजाणूंपासून करतात, हिरव्या फांदीपासून नव्हे. म्हणजे आपण पाहिलेली वनस्पती ॲनोटिनम असेल तर ती त्या औषधाची वनस्पती नाही, आणि क्लॅव्हेटम असती तरी तिच्या फांदीचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. तेच फिकट पिवळे, तेलकट, पाण्याने न भिजणारे बीजाणू ‘लायकोपोडियम पावडर’ म्हणून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही असतात. कुंड्टच्या नळीत ध्वनीची स्थिर तरंगे दाखवण्यासाठी ती भुकटी पसरत असत. मुलीने महाविद्यालयात हा प्रयोग केला असेल तर तिला आठवेल. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. या कुळातील वनस्पतींत, ॲनोटिनमसह, शरीरावर तीव्र परिणाम करणारी अल्कलॉइड द्रव्ये असतात. नाव औषधाच्या नावासारखे आहे म्हणून घरी फांदी उकळून काढा करणे, कोणाच्याही सांगण्यावरून, करू नये.

फांदी आणण्याविषयी माझे उत्तर स्पष्टपणे नकाराचे आहे. फिनलंडमध्ये जंगलात फिरण्याचा, रानफळे आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क सर्वांना असला, तरी राष्ट्रीय उद्यानात रानफळे आणि खाण्याजोगी अळंबी सोडून इतर वनस्पती तोडता येत नाहीत. युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशाच्या पाचव्या परिशिष्टात लायकोपोडियमच्या जातींचा समावेश आहे, म्हणजे त्या रानातून काढण्यावर नियमन करता येते. इकडे भारतातही 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून वनस्पती किंवा त्यांचे भाग आणण्यासाठी परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. कायद्याच्या पलीकडचे कारण माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. एक फांदी ओढली की तिच्यासोबत जमिनीलगतचे धावते खोड उचकटून येते, त्याची मुळे थोडीच आणि दूरदूर असतात, आणि बीजाणूपासून नवे रोप तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात, कारण त्याची पहिली अवस्था जमिनीखाली, अंधारात, बुरशीच्या आधाराने हळूहळू वाढते.

त्याऐवजी पुन्हा एकदा तिथे जाऊन चार छायाचित्रे काढावीत. पहिले बाजूने, जमिनीच्या पातळीवर मोबाइल ठेवून, शंकू आणि त्याच्या खालची दोन-तीन सेंटिमीटर फांदी स्पष्ट दिसेल असे. दुसरे शंकू नसलेल्या फांदीच्या वाढत्या शेंड्याचे, जमेल तितक्या जवळून. मागे गडद रंगाचा रुमाल धरला तर कुसळ असल्यास उठून दिसते. तिसरे एका पूर्ण उभ्या फांदीचे, बुडापासून टोकापर्यंत, शेजारी एक सेंटचे नाणे ठेवून. त्या नाण्याचा व्यास 16.25 मिलिमीटर असतो, त्यामुळे पानांची आणि शंकूची लांबी मोजता येईल. चौथे आजूबाजूच्या जागेचे, म्हणजे झाडे, उजेड आणि जमिनीवरील इतर वनस्पती कळतील. यांपैकी पहिल्या दोन छायाचित्रांत देठ नसलेला शंकू आणि कुसळ नसलेला शेंडा दिसला की मी ‘बहुधा’ हा शब्द काढून टाकीन. मुलीला फिनिश नावांनी शोधायचे असेल तर ॲनोटिनमला रीदेनलिएको आणि क्लॅव्हेटमला कातिनलिएको म्हणतात. दोन्हींची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर माझ्या या लांब उत्तरापेक्षा लवकर समजेल.

शेवटी वयाविषयी. एका उभ्या फांदीचे वय वर सांगितलेल्या पेरांवरून मोजता येते. त्यासाठी शंकू नसलेली फांदी निवडावी, कारण शंकू आला की त्या टोकाची वाढ तिथेच थांबते. शेंड्यापासून खाली येत आवळ्या मोजाव्यात; सर्वांत वरचा भाग यंदाचा, त्याखालचा गेल्या वर्षीचा. पण हे फांदीचे वय झाले, वनस्पतीचे नव्हे. धावते खोड पुढे वाढत राहते आणि मागचा भाग कुजत जातो, त्यामुळे मूळ रोप जिथे उगवले ती जागा आज मोकळीही असू शकते. ओइनोनेन या फिनिश अभ्यासकाने 1968 मध्ये नेमक्या याच दोन क्लबमॉसचे पसारे किती मोठे आहेत याची तुलना त्या जागेवरील झाडांच्या वयाशी आणि तिथे पूर्वी लागलेल्या वणव्यांच्या तारखांशी केली होती. कल्पना अशी की वणव्यानंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर बीजाणू रुजतो आणि तिथून पसारा वर्तुळासारखा वाढत जातो. तेव्हा पुढच्या खेपेला एका फांदीची पेरे मोजाच, पण त्याबरोबर तो संपूर्ण पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती पावलांचा आहे तेही चालून पाहा, आणि दोन्ही आकडे छायाचित्रांसोबत कळवा.